राडारोड्यातले काँक्रीट पोलादी खांबांच्या पोटात भरता येईल

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरला की आपल्याकडे जुनी घरे आणि इमारती पाडण्याची कामे जोरात सुरू होतात आणि त्यांतून निघणारा राडारोडा डंपरांतून रातोरात खाजनांच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनींच्या) कडेला, पडीक शेतांत किंवा रस्त्यालगतच्या उतारावर जाऊन पडतो. त्याविषयीची पत्रे वृत्तपत्रांतून वरचेवर येतात आणि त्यांतली तक्रार रास्तच असते; मात्र बहुतेक पत्रे हा माल टाकावा कुठे या प्रश्नापाशी थांबतात. तीन दशकांहून अधिक काळ स्थापत्य अभियंता म्हणून खांब, तुळया आणि पाये यांच्यातच वावरल्यामुळे मला त्या ढिगाऱ्याकडे पाहताना वेगळा प्रश्न पडतो. त्यात जे निव्वळ काँक्रीटचे तुकडे आहेत, त्यांची खडी करून ती पुन्हा इमारतीचा भार पेलणाऱ्या खांबात वापरता येईल का, आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत तो खांब टिकेल का? पोलादी नळीच्या आत भरायच्या काँक्रीटसाठी ती वापरता येईल, असे माझे विचारपूर्वक मत आहे. मात्र त्यासाठी काही अटी काटेकोरपणे पाळाव्या लागतील.

प्रथम या खडीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. जुने काँक्रीट फोडून केलेल्या खडीत मूळ दगड असतोच, पण त्याच्या अंगाला जुन्या सिमेंट-वाळूचा थर चिकटलेला असतो आणि सारा फरक त्या थरामुळे पडतो. चांगला काळा दगड स्वतःच्या वजनाच्या एक-दोन टक्क्यांहून अधिक पाणी सहसा शोषत नाही. ही खडी मात्र तीन टक्क्यांपासून कधी कधी आठ-दहा टक्क्यांपर्यंत पाणी पिते. तो थर सच्छिद्र असतो, फोडताना त्यात बारीक तडे गेलेले असतात आणि नव्या सिमेंटची पकड दगडावर न बसता त्या थरावर बसते. परिणामी सगळी नैसर्गिक खडी काढून तिच्या जागी ही खडी घातली, तर काँक्रीटची दाब सोसण्याची क्षमता साधारणतः दहा ते पंचवीस टक्के घटते, ताठरता बहुधा त्याहून अधिक घटते, आणि सुकताना होणारे आकुंचन व सततच्या भाराखाली वर्षानुवर्षे होणारी संथ दबण ही दोन्ही वाढतात. सळया घालून ओतलेल्या नेहमीच्या खांबात हे सगळे दोष उघडे पडतात, कारण तिथे भाराचा मोठा वाटा काँक्रीटच उचलते आणि सळयांना गंजापासून वाचवण्याचे कामही बाहेरच्या जेमतेम चार सेंटिमीटर काँक्रीटवरच सोपवलेले असते.

पोलादी नळीत तेच काँक्रीट भरले की दोघांचेही वागणे बदलते. भार कमी असतो तोवर पोलाद काँक्रीटपेक्षा आडवे जरा जास्त फुगू पाहते, त्यामुळे त्यांच्यात फारसा परस्पर दाब नसतो. भार वाढून काँक्रीटमध्ये सूक्ष्म तडे पडू लागले की ते बाहेरच्या बाजूला पसरू लागते आणि तेव्हापासून नळी त्याला चहूबाजूंनी आवळून धरते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापवून चढवलेली लोखंडी धाव निवल्यावर चाकाचे तुकडे घट्ट धरून ठेवते, तसेच काहीसे इथे घडते. असे आवळलेले काँक्रीट मोकळ्या काँक्रीटपेक्षा अधिक दाब सोसते आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकाएकी फुटत नाही. पुनर्वापराच्या खडीचे काँक्रीट थोड्या कमी भाराला पसरू लागत असल्यामुळे नळीचा हा आधार त्याला तुलनेने लवकर मिळतो. उलट, नळीचा पातळ पत्रा एरवी भाराखाली आत दुमडला असता, त्याला आतले काँक्रीट तसे दुमडू देत नाही. आकुंचनाचा प्रश्नही नळीत सौम्य होतो, कारण बंद नळीतून पाणी बाहेर जायला वाट नसल्यामुळे सुकण्याने होणारे आकुंचन उघड्या काँक्रीटच्या मानाने फारच थोडे राहते. संथ दबण मात्र टळत नाही. ती होत जाईल तसतसा काँक्रीटवरचा भार हळूहळू पोलादाकडे सरकतो आणि आराखड्यात त्याचा हिशेब आधीच धरावा लागतो.

आकड्यांचे एक उदाहरण देतो, म्हणजे बोलणे मोघम राहणार नाही. ३०० मिलिमीटर बाह्यव्यासाची आणि ६ मिलिमीटर जाडीची गोल नळी घेऊ, पोलादाची क्षमता प्रति चौरस मिलिमीटर ३१० न्यूटन आणि काँक्रीटची २५ न्यूटन धरू. सुरक्षिततेचे गुणक न लावता आणि नळीच्या आवळण्याचा लाभही न मोजता, अशा आखूड खांबात पोलाद सुमारे १७५ टन आणि काँक्रीट सुमारे १६६ टन भार उचलते. एकूण ३४१ टन. आता राडारोड्यातल्या खडीमुळे काँक्रीट पंधरा टक्क्यांनी दुबळे झाले असे मानले, तर तूट सुमारे २५ टनांची येते, म्हणजे संपूर्ण खांबाच्या दृष्टीने सात टक्क्यांच्या आसपास. ताठरतेचा हिशेबही असाच निघतो. युरोपच्या संमिश्र, म्हणजे पोलाद आणि काँक्रीट एकत्र वापरणाऱ्या, बांधकामाच्या संहितेत, म्हणजे युरोकोड ४ मध्ये, दिलेल्या सूत्राने याच नळीची वाकण्याविरुद्धची ताठरता काढली, तर काँक्रीटची स्वतःची ताठरता दाखवणारा लवचिकता गुणांक चतुर्थांशाने घटूनही खांबाची एकूण ताठरता सात-साडेसात टक्क्यांनीच घटते, कारण पोलाद खांबाच्या परिघावर असते आणि वाकण्याला विरोध करण्यासाठी परिघासारखी दुसरी जागा नाही. एवढी तूट नळीची जाडी किंचित वाढवून सहज भरून काढता येते. ही आकडेमोड एकाच नळीची आहे आणि प्रत्येक खांबाची ती स्वतंत्रपणे करावी लागेल, हे मी अर्थातच मान्य करतो. पण घट कोणत्या मापाची आहे हे त्यावरून कळावे.

नळीचा आकार गोल असणे इथे फार महत्त्वाचे आहे. चौकोनी नळीच्या सपाट बाजू आतल्या दाबाने बाहेर फुगतात आणि आवळण्याचे काम मुख्यतः कोपऱ्यांपाशीच होते. आपल्याकडचे फॅब्रिकेटर चौकोनी नळ्या पसंत करतात, कारण त्यांना तुळई जोडणे आणि भिंत टेकवणे सोपे जाते. पण काँक्रीट दुबळे असण्याची शक्यता असेल तिथे गोल नळीच घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. पत्राही फार पातळ असून चालत नाही. वरच्या उदाहरणात व्यास जाडीच्या पन्नासपट आहे. युरोकोड ४ नुसार या पोलादासाठी तो अडुसष्टपटीच्या आत ठेवावा लागतो.

काँक्रीटने भरलेले पोलाद ही काही अपरिचित गोष्ट राहिलेली नाही. चीनमध्ये १९९० पासून अशा नळ्यांचे कमानी पूल उभे राहत आले असून २०२० मध्ये पूर्ण झालेल्या पिंगनान येथील पुलाचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, ५७५ मीटरचा आहे. आपल्या देशात चिनाब नदीवरील रेल्वे पुलाच्या कमानीतल्या पोलादी पेट्यांमध्येही काँक्रीट भरलेले आहे, आणि तो पूल उभारण्याची जबाबदारी ज्या कोकण रेल्वेने पार पाडली ती गोव्यातूनच धावते. या उदाहरणांतले काँक्रीट अर्थातच नव्या दगडाच्या खडीचे आहे. पुनर्वापराच्या खडीने भरलेल्या नळ्यांवर प्रयोगशाळांतून, विशेषतः चीनमध्ये, गेल्या दोन दशकांत पुष्कळ चाचण्या झाल्या आहेत. त्यांचा एकंदर कल असा दिसतो की, खांब मोडण्याची रीत नेहमीच्या काँक्रीटने भरलेल्या नळीसारखीच राहते आणि क्षमतेतली घट मर्यादित असते.

आता नियमांकडे वळतो, कारण गोव्यापुरती खरी अडचण तिथेच आहे. खडीविषयीचे भारतीय मानक आयएस ३८३ याची २०१६ साली सुधारणा झाली आणि तीत काँक्रीट फोडून केलेल्या खडीला प्रथमच जागा मिळाली: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळयांच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि तेही एम २५ प्रतीपर्यंतच (‘एम’पुढचा आकडा म्हणजे काँक्रीटची प्रति चौरस मिलिमीटर न्यूटनमधली दाब सोसण्याची क्षमता), तर पायाखालच्या कमी प्रतीच्या भरावात शंभर टक्के. दुसरीकडे आयएस ४५६ हे मानक किनारपट्टीच्या हवेला उघड्या असलेल्या सळयांच्या काँक्रीटसाठी किमान एम ३० प्रत सांगते. ही दोन मानके शेजारी ठेवून वाचली की कळंगुटपासून कोलव्यापर्यंतच्या पट्ट्यात उघड्यावरच्या कोणत्याही खांबात ही खडी नियमाने घालताच येत नाही, असा अर्थ निघतो. सळयांच्या खांबापुरता तो निर्बंध मला योग्यच वाटतो. परंतु आयएस ३८३ मधल्या या मर्यादांच्या कोष्टकात पोलादी नळीत बंद केलेल्या काँक्रीटसाठी स्वतंत्र रकाना नाही आणि समुद्राच्या हवेशी ज्याचा संबंधच येत नाही अशा काँक्रीटलाही त्यामुळे तोच दंडक लावला जातो. हा रकाना यावा यासाठी प्रयत्न करण्याचे सर्वाधिक कारण किनाऱ्यावरच्या राज्याला आहे.

त्याआधी आपल्या ढिगाऱ्याकडे मात्र प्रामाणिकपणे पाहावे लागेल. गोव्यातला राडारोडा दिल्ली-मुंबईच्या राडारोड्यासारखा नसतो. त्यात जांभ्या दगडाचे चिरे असतात, मंगळुरी कौले असतात, जुन्या घरांतला चुना असतो, गिलावा असतो, फरशा असतात. चिरा भिंतीसाठी उत्तम, पण तो सच्छिद्र आणि मऊ असतो आणि त्याचा चुरा खडीत मिसळला की काँक्रीटची प्रत कोसळते. मानकातही निव्वळ काँक्रीटचा आणि मिश्र अशा दोन मालांना वेगळी नावे आणि वेगळी वागणूक आहे: विटा, दगड, कौले, काँक्रीट यांच्या मिश्रणातून निघालेली खडी सळयांच्याच काय, साध्या काँक्रीटमध्येही चालत नाही. काही वर्षांपूर्वी फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या दुमजली इमारतीचे पाडकाम मला जवळून पाहायला मिळाले. मधल्या खांबांचे आणि स्लॅबचे काँक्रीट उत्तम होते, हातोड्याखाली खणखणत होते. ठेकेदाराला मी विनंती केली की चिऱ्यांच्या भिंती आधी उतरवून बाजूला काढाव्यात आणि काँक्रीट नंतर फोडावे. दोन दिवस त्याने तसे केलेही. तिसऱ्या दिवशी यंत्राचे भाडे वाढते म्हणून सगळे एकदम खाली आणले गेले, आणि जे काँक्रीट खडी होऊ शकले असते ते चिऱ्यांच्या लाल मातीत कालवून एका खाचरात गेले. तो ढीग अजून तिथे आहे आणि त्याच्यावर आता झुडपे वाढली आहेत. पाडण्याचा क्रम हाच या सगळ्या तंत्राचा पाया आहे, हे मला त्या तीन दिवसांत जितके कळले तितके पुस्तकांतून कळले नव्हते.

दुसरा धोका मिठाचा. किनाऱ्यालगत तीस-चाळीस वर्षे उभ्या असलेल्या इमारतीच्या काँक्रीटमध्ये क्लोराइड मुरलेले असते, आणि त्या काँक्रीटची खडी केली की ते मीठ नव्या काँक्रीटमध्ये येते. आयएस ४५६ नुसार पोलाद असलेल्या काँक्रीटमध्ये घनमीटरमागे ०.६ किलोपेक्षा अधिक क्लोराइड असू नये. म्हणून बाहेरच्या तुळया, छज्जे, गच्चीचे कठडे यांचे तुकडे आतल्या खांबांच्या तुकड्यांपासून वेगळे ठेवणे आणि प्रत्येक ढिगाची क्लोराइड चाचणी करणे अपरिहार्य आहे. ही चाचणी महाग नाही आणि तिला फार वेळही लागत नाही.

गंज काय करू शकतो हे गोव्याला सांगावे लागू नये. १९७० साली खुला झालेला मांडवीवरचा पूल अवघ्या सोळा वर्षांत, ५ जुलै १९८६ रोजी, कोसळला आणि त्यामागे पुलातल्या ताणलेल्या पोलादी तारांना लागलेला गंज हे कारण पुढे आले. त्यानंतर पणजी आणि बेती यांच्यामध्ये फेरीबोटींसाठी लागलेल्या रांगा माझ्या पिढीतला कोणी विसरलेला नाही. त्या तारा काँक्रीटच्या आत होत्या, कोणाला दिसत नव्हत्या. संमिश्र खांबांचे दोन मुख्य प्रकार आहेत, एकात पोलाद आत आणि काँक्रीट बाहेर, दुसऱ्यात पोलाद बाहेर आणि काँक्रीट आत. त्यांतला पहिला प्रकार पुनर्वापराच्या खडीने करायला गोव्यात मी ठाम विरोध करीन, तो याच कारणासाठी. सच्छिद्र काँक्रीटमधून खारी हवा आतल्या पोलादापर्यंत पोहोचेल आणि ती पोहोचल्याचे आपल्याला वरून फुगवटे येईपर्यंत कळणारही नाही. दुसऱ्या प्रकारात पोलाद डोळ्यांसमोर असते. ते गंजेल, पण गंजताना दिसेल, खरवडता येईल, रंगवता येईल. जस्ताचा मुलामा आणि त्यावर इपॉक्सी रंग, ठरलेल्या मुदतीने पुन्हा रंगकाम, आणि जमिनीलगतच्या फूटभर भागाची विशेष काळजी हा खर्च त्यासाठी मान्य करावाच लागेल. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात खांबाच्या तळाशी उडणारे पाणी आणि साचणारी माती हीच नळीची सर्वांत नाजूक जागा असते. तिथे काँक्रीटचा उंच ओटा करून नळी जमिनीपासून वर उचलली तर निम्मी काळजी मिटते.

कारागिरीचेही सांगायला हवे, कारण नळीत काय भरले गेले ते दिसत नाही. सळयांच्या खांबात शटरिंग उतरवल्यावर काँक्रीटमधली पोकळी उघडी पडते. नळीत ती कायमची झाकली जाते. ही खडी पाणी पीत असल्यामुळे मिश्रण गाडीतून उतरेपर्यंतच घट्ट होऊ लागते, आणि मग साइटवरचा माणूस सवयीने वरून पाणी ओततो. ते पाणी खांबाची ताकद घेऊन जाते. म्हणून खडी आधी भिजवून, तिचा पृष्ठभाग कोरडा झाल्यावरच वापरावी. जूनमध्ये उघड्यावर पडलेल्या ढिगात वरची खडी आणि तळची खडी यांच्यातले पाणी सारखे नसते, तेव्हा ढिगावर छप्पर असावे. मिश्रण आपोआप पसरणारे असावे आणि शक्य तिथे ते पंपाने खालून वर चढवावे, म्हणजे हवा वरून निघून जाते. भरल्यावर नळी हातोडीने वाजवून आणि शंका आली तर अल्ट्रासोनिक चाचणीने तपासावी. आगीसाठी एक बारीकशी पण जिवाची गोष्ट अशी की प्रत्येक मजल्यावर नळीला वर आणि खाली लहान भोके ठेवावी लागतात. नाहीतर आगीत आतल्या पाण्याची वाफ होऊन नळी फुटू शकते. पाणी अधिक धरून ठेवणाऱ्या काँक्रीटच्या बाबतीत ही भोके विसरणे परवडणारे नाही.

काणकोणला चावडीवर ४ जानेवारी २०१४ रोजी बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली, त्यानंतर बांधकामातल्या कोणत्याही नव्या प्रयोगाबद्दल लोकांच्या मनात भीती असणे मी समजू शकतो. म्हणूनच मी निवासी इमारतींपासून सुरुवात करा असे म्हणत नाही. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनी सरकारी आणि नगरपालिकांच्या कामांत अशा पुनर्वापराच्या मालाचा १० ते २० टक्के वापर सक्तीचा करण्याची दिशा सांगितली होती, तीही दर्जाच्या कडक तपासणीसह. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारे २०२५ चे नवे नियम बांधकाम करणाऱ्यांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकतात, पण ती २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांना लागू आहे. आपल्याकडची बहुतेक पाडकामे त्या मापाच्या जवळपासही जात नाहीत. तेव्हा केवळ केंद्राच्या नियमावर विसंबून आपले काम होणार नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याने एकमजली शेड, बसथांबा, फेरी धक्क्यावरचा निवारा किंवा शाळेचे क्रीडाछप्पर अशा हलक्या भाराच्या एखाद्या कामात काही खांब पुनर्वापराच्या काँक्रीटचे आणि काही नेहमीच्या काँक्रीटचे असे शेजारी शेजारी उभे करावेत. फर्मागुढीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कुंकळ्ळीची एनआयटी यांनी त्याच मापाच्या नळ्या प्रयोगशाळेत मोडेपर्यंत दाबून पाहाव्यात. खात्याच्या दरसूचीत वेगळ्या केलेल्या काँक्रीट राडारोड्याला आणि त्यापासूनच्या खडीला स्वतंत्र दर असावा, कारण दर नसेल तर कोणताही ठेकेदार तिसऱ्या दिवशी यंत्राच्या भाड्याचाच विचार करील आणि त्याला दोष देता येणार नाही.

खर्चाबाबत एवढेच सांगतो की नळीचे पोलाद सळयांपेक्षा महाग पडते, शटरिंग मात्र पूर्ण वाचते आणि काम लवकर उरकते. हिशेब जागेजागी वेगळा येईल. त्या हिशेबात नव्या खडीसाठी डोंगर फोडण्याची आणि जुन्या खडीने खाजन बुजवण्याची किंमतही धरावी, अशी माझी मागणी आहे. काँक्रीटच्या आकारमानात साठ ते पंचाहत्तर टक्के वाटा खडी आणि वाळूचा असतो.

वर सांगितलेल्या इमारतीच्या काँक्रीटचे काही तुकडे मी त्या वेळी घरी आणून ठेवले होते. ते हाताने फोडून, चाळून, भिजवून त्यांचे बारा घन, म्हणजे चाचणीसाठीचे चौकोनी ठोकळे, मी ओतले आहेत आणि मिश्रणाचे प्रमाण, खडीने शोषलेले पाणी व तारखा वहीत टिपून ठेवल्या आहेत. ज्या संस्थेला ते दाबून पाहायचे असतील तिला घन आणि वही दोन्ही मी आनंदाने देईन.

आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
फोंडा, गोवा